चोर गेटवरून येत नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शहराच्या पानावर खाली कुठेतरी एक छोटी बातमी हमखास असते, "बंद फ्लॅट फोडून लाखोंचा ऐवज लंपास", आणि त्यात एक ठरलेलं वाक्य असतं, "अज्ञात चोरट्याने दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला". गेली तीसेक वर्षं मी हे वाक्य वाचतेय. आधी वाड्यात राहून वाचायचे, आता सिंहगड रोडवर सात विंगच्या कॉम्प्लेक्समध्ये राहून वाचते. मधल्या काळात गेटवर कॅमेरे आले, बूम बॅरिअर आले, फोनमध्ये अ‍ॅप आलं, पण तो कडी-कोयंडा काही जागचा हलला नाही. म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

आधीच सांगते, मी काही तज्ज्ञ वगैरे नाही. आमच्या सोसायटीची तीन वर्षं सेक्रेटरी होते आणि त्या काळात सिक्युरिटी सिस्टीमचा ११ लाख ४० हजारांचा चेक माझ्याच सहीने गेलाय. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातला निम्मा शेणखाऊपणा माझा स्वतःचा आहे असं समजून वाचा.

काय काय घेतलं ते ऐका. ५२ कॅमेरे, दोन बूम बॅरिअर, प्रत्येक विंगच्या काचेच्या दाराला मॅग्नेटिक लॉक आणि कार्ड रीडर, केबिनमध्ये भिंतीएवढा टीव्ही, शिवाय पाहुणा आला की फोन वाजणारं अ‍ॅप. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो ग्रुपवर टाकले. व्हेंडर म्हणाला मॅडम या लॉकला २८० किलोची पकड आहे, हत्ती आला तरी उघडायचं नाही. हत्ती अजून आलेला नाही हे खरंय.

आला तो एक साधा माणूस, खांद्यावर गोणी घेऊन. आणि त्याने नेलं काय तर फायरच्या होजचे पितळी नोझल! प्रत्येक मजल्यावर जिन्यात लाल पेटी असते ना, तिच्यातले. सोनं नाही नाणं नाही, भंगारवाल्याकडे किलोवर जाणारं पितळ. आम्हाला कळलं कधी, तर जुलैमध्ये. आपल्याकडे २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, तर त्या एजन्सीचा मुलगा पेट्या उघडत उघडत गेला आणि तीन विंगमध्ये त्याला एकही नोझल सापडलं नाही. म्हणजे मधे कधी आग लागली असती तर नुसता पाइप हातात घेऊन उभे राहिलो असतो आम्ही.

मग सगळे धावले कॅमेऱ्यांकडे. तर रेकॉर्डिंग २१ दिवसांचं, त्यानंतर जुनं पुसून नवीन त्याच्यावर चढतं, आणि नोझल गेली कधी हेच कुणाला माहीत नाही. आहे त्या २१ दिवसांत काय दिसलं म्हणाल तर भरपूर टकलं दिसली, कारण कॅमेरे उंचावर लावलेत. तीन कॅमेऱ्यांपुढे कोळ्यांनी जाळी केली होती, रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्या जाळीवर पडतो आणि पडदाभर पांढरं धुकं. जिन्यात तर एकही कॅमेरा नाही, कारण जिना कोण वापरतंय, सगळे लिफ्टने जातात असं आम्हीच मीटिंगमध्ये ठरवलेलं. मिनिट्समध्ये माझ्याच अक्षरात आहे.

तो सापडला कसा ते सांगते. सापडला म्हणजे पकडला नाही, दिसला. पंधरा दिवसांनी तो उरलेल्या विंगसाठी परत आला, सकाळी आठच्या सुमाराला, आणि आमच्या जिना झाडणाऱ्या मावशींनी चौथ्या मजल्यावर त्याला विचारलं, "कुणाकडं जायचंय दादा?" तो म्हणाला वर. "वर कुणाकडं?" एवढे दोन प्रश्न. गोणी तिथेच टाकून पळाला तो, गोणीत सहा नोझल. मावशी शिकल्यात चौथीपर्यंत. त्यांना आमची सोसायटी महिन्याला जेवढे पैसे देते त्याच्यापेक्षा जास्त त्या ५२ कॅमेऱ्यांच्या मेंटेनन्स काँट्रॅक्टला जातात.

आणि तो आला कुठून? कचऱ्याच्या गेटमधून. मागच्या बाजूला एक छोटं गेट आहे, सहा ते नऊ उघडंच असतं कारण घंटागाडी येते, मोठे डबे ओढत न्यायचे असतात, सारखं कोण उघडझाक करणार. तिथे बूम बॅरिअर नाही, कार्ड नाही, वॉचमन नाही. जिन्याचं मागचं दार स्प्रिंगच्या क्लोजरने आपोआप बंद व्हायला हवं, पण क्लोजरमधलं तेल गळून वर्ष झालेलं, त्यामुळे ते धाडकन आपटायचं, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकांनी झोपमोड नको म्हणून त्याला वीट लावली. नवीन क्लोजर येतो दीड-दोन हजाराला. त्याचा अर्ज माझ्याकडे आला होता आणि मी "पुढील मीटिंगमध्ये घेऊ" असा शेरा मारून फाईलला लावला होता, ज्या मीटिंगमध्ये ११ लाख ४० हजार मंजूर झाले त्याच्या आधीच्याच मीटिंगची गोष्ट ही.

या प्रकारानंतर माझा भाचा आला होता, तो कंपन्यांमध्ये असली दारं आणि कार्डं बसवायचं काम करतो. त्याला म्हटलं बघ रे बाबा आमचं काय चुकलंय. रविवारी सकाळी आला तो आणि मुद्दाम मला फोन न करता आला. गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याने नाव लिहिलं शाहिस्तेखान, राहणार लाल महाल, काम काय तर बोटं शोधणे. वॉचमनने सही घेतली, वेळ टाकली आणि जाऊ दिलं. ते पान मी जपून ठेवलंय. वॉचमनला हसू नका हं, तो बिचारा कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातून महिनाभरापूर्वी आलेला, मराठी वाचता येत नाही, सलग दुसरी ड्युटी चाललेली.

मग भाचा विंगच्या दाराशी आला. २८० किलोची पकड वगैरे. कोविडनंतर आम्ही आतल्या बाजूला ते हात न लावता उघडायचं बटण बसवलंय, समोर हात धरला की दार उघडतं. काचेच्या दोन दारांमध्ये बोटभर फट आहे. त्याने माझ्याच दारातून उचललेली तुमच्या रविवारच्या पुरवणीची सुरळी केली, फटीतून आत घातली, बटणापुढे हलवली आणि टिक करून दार उघडलं. हत्ती राहिला बाजूला, पुरवणीने उघडलं! (पुरवणीचा असाही उपयोग होतो हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.)

कार्डाचं तर विचारूच नका. आमची कार्डं आहेत ती १२५ किलोहर्ट्झवाली जुनी साधी, ती रीडरजवळ नेली की आपला नंबर उघडपणे सांगून मोकळी होतात, ना खूण ना परवलीचा शब्द. मागेल त्याला नंबर मिळतो आणि तोच नंबर कोऱ्या कार्डात भरला की झाली डुप्लिकेट. भाच्याने बाजारातल्या चावीवाल्याकडून माझ्या कार्डाची कॉपी दहा मिनिटांत करून आणली, भेळेला लागतो तेवढा वेळ. कोटेशन घेताना तिघांपैकी कुणीही हे सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, आम्ही विचारलं कार्डावर सोसायटीचा लोगो येईल का.

गुरुवारी काय होतं ते तर सगळ्या पुणेकरांना माहितीये, दुरुस्तीसाठी लाईट जाते. मॅग्नेटिक लॉक लाईट गेली की उघडतं, आणि ते तसंच असायला हवं कारण आग लागली तर लोक आत अडकू नयेत, त्यात चूक काही नाही. म्हणून त्याला बॅटरी देतात. आमच्या बॅटऱ्या दोन वर्षांतच गेल्या, बदलायचा खर्च कुणाच्या बजेटमध्ये बसेना, त्यामुळे गुरुवारी सकाळी आमच्या सातही विंग सताड उघड्या. सहज आठवड्याचा वार पाळून येणारा चोर असेल तर त्याच्यासाठी आमंत्रणच की.

आता कुणी म्हणेल ही तुमच्या मध्यमवर्गीय सोसायटीची रड आहे, चांगला पैसा टाकला की चांगली सुरक्षा मिळते. मग वांद्र्याचं काय? १६ जानेवारी २०२५ ला पहाटे सैफ अली खानच्या घरात माणूस घुसला आणि त्याच्यावर चाकूने वार झाले. कसली म्हणून ददात नसलेली बिल्डिंग ती. पोलिसांनी तपासात जे सांगितलं त्याप्रमाणे तो भिंत चढून आला, रखवालदार झोपलेले होते, जिन्याने वर गेला आणि पुढे पाइपच्या डक्टमधून चढून बाथरूमच्या खिडकीतून आत. डक्ट, संपादक साहेब! आमच्याकडेही प्रत्येक विंगला आहे, प्लंबरला आत जाता यावं म्हणून ठेवलेला, खालच्या दाराला कडी आहे आणि कडीला कुलूप नाही. त्या बिल्डिंगच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात तो माणूस दिसला तो रात्री २:३३ ला, खाली उतरताना. आणि जखमी माणूस लीलावतीला गेला तो रिक्षाने.

चेअरमन साहेबांचं यावर म्हणणं असं की बघा, कॅमेऱ्यामुळेच चेहरा मिळाला की नाही, तीन दिवसांत ठाण्यात अटक झाली. बरोबर आहे त्यांचं. कॅमेरा मागाहून उपयोगी पडतो हे मी नाकारत नाही. पण मग तसं म्हणून विका ना! आम्हाला विकताना "चोरी होणारच नाही" म्हणून विकला होता.

खरं तर आम्ही सिंहगड रोडवाल्यांनी हे विसरायलाच नको होतं, रोज खिडकीतून गड दिसतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्याला काय कमी होतं, दरवाजे बुलंद, पहारे कडक, उदयभानसारखा किल्लेदार. तानाजी दरवाजाने गेलेच नाहीत, ज्या कड्यावरून कोणी येणारच नाही म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्या कड्याने गेले. आपल्या शाळेत हे शौर्य म्हणून शिकवतात आणि ते आहेच, पण किल्लेदाराच्या बाजूने तो धडा कुणी वाचत नाही.

हैदराबादला पुरानी हवेलीत निजामाचं म्युझियम आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथून निजामाचा सोन्याचा तीन खणी, हिरे-माणकं जडवलेला डबा गेला, बरोबर कपबशी आणि चमचा. चोर दोराने उतरले व्हेंटिलेटरमधून. आठवड्याभरात पकडलेही गेले, आणि पोलिसांनी सांगितलं की मुंबईला येऊन पंचतारांकित हॉटेलात राहिले आणि त्यातला एक जण त्या डब्यात जेवायचा म्हणे. मला तर त्याचं कौतुकच वाटलं, निजामाने तरी वापरला होता की नाही कोण जाणे.

आणि परदेशाचं फार कौतुक असणाऱ्यांसाठी पॅरिसचं लूव्र. १९ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळी म्युझियम उघडलेलं, माणसं आत फिरतायत. चोरांनी काय आणलं तर घरसामान वरच्या मजल्यावर चढवायची शिडीवाली गाडी. नदीच्या बाजूला रस्त्यावर उभी केली, अंगात कामगारांची पिवळी जॅकेटं, बाल्कनीत चढले, कटरने खिडकी कापली, काचेच्या पेट्या फोडल्या आणि आठ मिनिटांच्या आत राजघराण्याचे आठ दागिने घेऊन पसार, किंमत ८ कोटी ८० लाख युरो, म्हणजे आपले अंदाजे ९०० कोटी. एक मुकुट पळताना पडला तेवढा वाचला. नंतर म्युझियमच्या डायरेक्टर बाईंनी तिथल्या सिनेटपुढे सांगितलं की त्या बाजूला बाहेरून एकच कॅमेरा होता आणि त्याचं तोंड पश्चिमेला, चोर ज्या बाल्कनीत चढले ती त्यात येतच नव्हती. आणि तिथल्या पेपरांनी शोधून काढलं की २०१४ च्या तपासणीत कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड सापडला होता तो "लूव्र"! हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आमच्या डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड त्याच्याच डोक्यावर स्टिकर लावून लिहिलेला आहे.

पिवळ्या जॅकेटचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच लूव्रमधून १९११ मध्ये मोनालिसा गेली होती, ती पेरुजिया नावाच्या कारागिराने नेली, तिथे काम केलेला माणूस, अंगात तिथल्या कामगारांसारखा पांढरा डगला. भिंत रिकामी आहे हे लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला, कारण बघणाऱ्यांना वाटलं फोटो काढायला नेलं असेल. शंभरावर वर्षं झाली, कपडे बदलले, युक्ती तीच. आपल्याकडे अंगात कुरिअरचा टी-शर्ट, हातात हेल्मेट आणि कानाला फोन असला की कुठल्याही सोसायटीत जाता येतं. उलट दहा वर्षं काम करणाऱ्या ताईंची पिशवी मात्र जाताना रोज तपासतात. आमच्या अ‍ॅपमध्ये घरकाम करणाऱ्या सगळ्या बायकांचे फोटो, आधार, येण्याजाण्याच्या वेळा आहेत, पण भाड्याने राहणाऱ्यांकडे येणाऱ्याजाणाऱ्यांचं, इंटिरिअरचं काम चाललेल्या फ्लॅटमधल्या रोज बदलणाऱ्या पोरांचं, कशाचं काही नाही. आपल्याला ज्यांची भीती वाटते त्यांच्यावर पहारा आहे, चोरीशी त्याचा संबंध थोडाच.

आणि अ‍ॅपचं सांगू का, पहिला महिना सगळ्यांनी फोन वाजला की नाव बघून परवानगी दिली. आता मीटिंगमध्ये, रस्त्यात, बाथरूममध्ये, दिवसातून आठ-दहा वेळा वाजतं, आपण न बघता हो दाबतो. मी स्वतः एकदा गावाला असताना कुणाला तरी आत सोडलंय, कोण होतं आजपर्यंत कळलं नाही. सतत वाजणाऱ्या घंटेचं असंच होतं. लंडनच्या राजवाड्यात जुलै १९८२ मध्ये मायकल फेगन नावाचा माणूस भिंत चढून थेट राणीच्या बेडरूममध्ये पोचला होता, आणि तिथला अलार्म वाजला नव्हता असं नाही, वाजला होता, पण पोलिसांना वाटलं बिघडलाय, म्हणून बंद केला. आमच्या गच्चीच्या दाराचा भोंगा आम्ही तसाच बंद केलाय. पोरं पतंग उडवायला जायची, वाजायचा. वायर काढून ठेवलीये.

मला विचाराल तर दोष मशीनचा नाहीच. दोष आम्ही कशावर पैसे टाकतो त्याचा आहे. कमिटीला दाखवायला काहीतरी लागतं. बूम बॅरिअरचं उद्घाटन होतं, क्लोजरचं होत नाही. गेटवर टीव्ही दिसला की फ्लॅट बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला एजंट सांगतो "थ्री टिअर सिक्युरिटी आहे", भाव स्क्वेअर फुटाला वाढतो. डक्टच्या दाराला कुलूप आहे म्हणून कुणी जास्त पैसे दिल्याचं ऐकलंय? म्हणून सगळा खर्च गेटवर, जिथून चोर सोडून बाकी सगळे येतात.

आणि माणसावर तर शेवटचा रुपया. २००५ च्या कायद्याखालचे नियम म्हणतात सिक्युरिटी गार्डला १६० तासांचं ट्रेनिंग हवं, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष. आमच्याकडे येणाऱ्या पोरांचं ट्रेनिंग म्हणजे आदल्या वॉचमनने दहा मिनिटांत सांगितलेलं, चेअरमनची गाडी कुठली ते ओळख आणि सलाम ठोक. सगळ्यात कमी रेट देणारी एजन्सी घ्यायची, मग तीही १२-१२ तास राबवून घेते, महिन्याला माणूस बदलतो, चेहरे ओळखीचे होईपर्यंत नवा आलेला. खुर्ची काढून घेतली म्हणजे झोपणार नाही अशी एका सदस्याची सूचना होती, एकमताने मंजूर झाली. मीही हात वर केला होता. आता लाज वाटते.

नोझलच्या प्रकारानंतर आम्ही काय केलं असं तुम्ही विचाराल. मी भाच्याकडून यादी करून दिली, क्लोजर, डक्टची कुलुपं, बॅटऱ्या, फटीला पट्टी, कचऱ्याच्या गेटवर सकाळी तीन तास एक माणूस, मावशींना थोडा पगार वाढवून जिन्यावर लक्ष ठेवायला सांगणे. सगळं मिळून लाखाच्या आत. कमिटीने ती ठेवून घेतली. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर विषय आलाय तो वेगळाच, चेहरा ओळखणारे कॅमेरे, पुन्हा मेन गेटवर. नऊ लाख.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे, म्हणूनच हे एवढं लांबड लावलं. घरफोडीची बातमी छापताना किती तोळे गेले, किती रोकड गेली, कुठल्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला हे सगळं येतं. सोसायटीत तो शिरला कुठून, हे कधीच येत नाही. कडी-कोयंडा तर शेवटचं दार झालं हो. त्याच्या आधी गेट, विंगचं दार, जिना, पॅसेज एवढं ओलांडून तो आला ना? बातमीदाराला सांगा पोलिसांना हा एक प्रश्न विचारायला आणि एक ओळ छापायला, "मागच्या भिंतीवरून", "उघड्या जिन्यातून", "रजिस्टरमध्ये नाव लिहून", जे असेल ते. महिनाभर अशा ओळी छापून आल्या तर कात्रणं घेऊन मी सभेला जाईन. आमच्या कमिटीचा माझ्यावर विश्वास नाही, पेपरवर आहे.

आपली,
एक माजी सेक्रेटरी
सिंहगड रोड, पुणे

ता.क. काल मागच्या दाराची वीट मी उचलून कुंडीखाली ठेवून दिली. आज सकाळी बघते तर तिथे पेव्हर ब्लॉक.